माणसं हलवली, झाडं जागेवरच राहिली

आफ्रिकेत काजूची बी झाडावरून काढत नाहीत. बोंड पिकतं, आपसूक गळतं, मग ते वेचायचं, बी मुरगळून वेगळी करायची आणि उन्हात वाळवायची. आपल्याकडे कोकणात आकडीने बोंडं ओढणारे पुष्कळ, पण तिकडची रीत ही. त्यामुळे हंगाम तोंडावर आला की झाडाखालची बेणणी आधी उरकावी लागते. गवत, काटेरी झुडपं, गेल्या वर्षीचा पाचोळा, सगळं ओढून जमीन अशी करायची की पडलेली बी दहा पावलांवरून दिसली पाहिजे. बेणणी राहिली तर अर्धी बी गवतात जाते, आणि कोरड्या दिवसांत कुठून वणवा शिरला तर झाडच होरपळतं. ज्याने एक हंगाम काजीखाली वाकून काढलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचे दोन आकडे त्याशिवाय कळायचे नाहीत. टांझानियात १९७३-७४ च्या हंगामात सुमारे १ लाख ४५ हजार टन काजू बी निघाली. १९८६-८७ मध्ये निघाली सुमारे साडेसोळा हजार टन. दुष्काळाने झाडाचं पीक एवढं बसत नाही, आणि बसलं तरी तेरा वर्षं बसून राहत नाही. या तेरा वर्षांत झाडं कोणी तोडली नव्हती. माणसं हलवली होती. ती हलवणारा राष्ट्राध्यक्ष लुटारू नव्हता. विसाव्या शतकातल्या समाजवादी राज्यकर्त्यांत त्याच्याइतका स्वच्छ हाताचा माणूस शोधायला गेलं तर फार थोडे सापडतील. म्हणून हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगं वाटतं. चोराच्या राज्यात पीक बुडालं तर त्यात नवल ते काय?

म्वालिमू

ज्युलियस न्येरेरे १९२२ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या बुटियामा गावी जन्मले. वडील झानाकी या लहानशा जमातीचे मुखिया. ताबोराची शाळा, युगांडातलं मकेरेरे कॉलेज, मग एडिंबरा विद्यापीठातून १९५२ साली एम. ए. परत आल्यावर दार-एस-सलामजवळ पुगूच्या मिशनरी शाळेत शिकवायला लागले आणि तिथून 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, हे नाव चिकटलं ते कायमचं. साने गुरुजींच्या महाराष्ट्राला अशा नावाचं नवल वाटू नये. १९५४ मध्ये त्यांचा टानू पक्ष उभा राहिला, ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला, वर्षभराने न्येरेरे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९६४ मध्ये झांझिबार जोडला जाऊन देशाचं नाव टांझानिया पडलं. राज्यकारभार सांभाळता सांभाळता त्यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या नावातल्या व्यापाऱ्यांचे त्यांच्या भाषांतरात 'भांडवलदार' झाले. विनोद म्हणून चांगला आहे, आणि माणूसही त्यात दिसतो.

ऑक्टोबर १९६६ चा एक प्रसंग. सक्तीच्या राष्ट्रसेवेला विरोध करत विद्यापीठातल्या मुलांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर मोर्चा नेला. शिकून बाहेर पडल्यावर आमच्या पगारातून कपात का, आणि मंत्र्यांचे पगार मात्र भरभक्कम का, असा त्यांचा सवाल होता. न्येरेरे संतापले. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कापला, आणि त्याच दमात जवळपास चारशे मुलांना विद्यापीठातून काढून घरी पाठवलं. या प्रकरणातलं सगळं काही त्या एका दुपारी दिसून जातं. स्वतःला झळ लावून घ्यायची तयारी पूर्ण, पण समोरच्याने उलट बोललेलं खपायचं नाही.

चार महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १९६७ रोजी, अरुशा जाहीरनामा आला. बँका, मोठ्या गिरण्या, आयात-निर्यातीच्या पेढ्या सरकारजमा झाल्या. पक्षाच्या पुढाऱ्यांना शेअर ठेवायचे नाहीत, घर भाड्याने द्यायचं नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत, अशी आचारसंहिता लागली. याला पाठिंबा म्हणून देशभर लोक पायी निघाले तेव्हा न्येरेरेही बुटियामाहून म्वांझापर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर चालत गेले. आणि शेतीसाठी शब्द निघाला 'उजामा'. कुटुंबातला आपलेपणा असा त्याचा अर्थ. विखुरलेल्या वाड्यांनी राहणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वखुशीने एका गावात यावं, जमीन मिळून कसावी, आणि मग तिथे सरकार शाळा, दवाखाना, पाणी आणेल. विनोबांचं ग्रामदान ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. 'स्वखुशीने' हा शब्द दोन्हीकडे सारखाच होता. आपल्याकडे तो शेवटपर्यंत तसाच राहिला, म्हणून ग्रामदान बरंचसं कागदावर राहिलं. टांझानियात तो वाटेत गळून पडला.

लितोवाचं काय झालं

कसा गळला ते पाहायचं तर देशाच्या दक्षिणेला, सोंगेयाच्या बाजूला जायला हवं. तिथे सरकारने सांगायच्या आधीच काही तरुणांनी लितोवा नावाचं गाव वसवलं होतं. शेती मिळून, शाळा गावाने चालवलेली, हिशोब सभेत मांडायचा. बघता बघता दीड डझनाच्या आसपास गावं यात आली आणि त्यांचा रुवुमा विकास संघ झाला. न्येरेरेंना हे गाव मनापासून आवडे. त्यांच्या शिक्षणविषयक धोरणावर लितोवाच्या शाळेची छाप आहे. उजामा म्हणजे काय असं कोणी विचारलं असतं तर बोट दाखवायला हेच गाव होतं.

सप्टेंबर १९६९ मध्ये टानूच्या केंद्रीय समितीने हा संघ बरखास्त केला. कारण सरळ होतं. तो पक्षाचं ऐकत नव्हता. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना या गावांत मान नव्हता, आणि गावकरी आपलं आपण ठरवत होते. न्येरेरे समितीपुढे गप्प राहिले की मनातून त्यांनाही पटलं होतं, यावर वाद घालता येईल. माझ्या लेखी महत्त्वाचं एवढंच की यापुढे गावं वसवण्याचं काम पक्षाकडे आणि अधिकाऱ्यांकडे गेलं, आणि अधिकारी आकडा मोजतो.

मधल्या काळात रुफिजीचा पूर, दोदोमाचा दुष्काळ अशी निमित्तं घेऊन एकेका भागात मोहिमा झाल्या. इरिंगा भागात मोठ्या शेतकऱ्यांच्या जमिनी गावात ओढायला गेल्यावर रक्त सांडलं. १९७१ च्या नाताळच्या दिवशी तिथले प्रादेशिक आयुक्त विल्बर्ट क्लेरू यांना एका शेतकऱ्याने गोळी घातली. तरी १९७३ पर्यंत गावांत आलेली माणसं वीस लाखांच्याच घरात होती. गुरुजींचा धीर संपला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर करून टाकलं की गावात राहणं हा यापुढे हुकूम आहे, आणि १९७६ संपायच्या आत सगळा ग्रामीण देश गावांत आला पाहिजे.

आला. सात हजारांहून जास्त गावं, एक कोटी तीस लाखांच्या आसपास माणसं. १९७८ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटी होती, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. एवढी माणसं दोन-तीन वर्षांत हलवणं ही आफ्रिकेतली त्या काळातली सर्वांत मोठी हलवाहलव असावी. ट्रक आले, लष्कर आलं, शिपाई आले. परत जाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी जुन्या घरांची छपरं उतरवली, काही ठिकाणी घरं जाळली. मिळून शेती करण्याची अट मात्र यात गुपचूप सोडून देण्यात आली. १९७५ च्या कायद्याने साधं 'गाव' आणि 'उजामा गाव' असे दोन प्रकार केले, आणि जवळजवळ सगळी गावं पहिल्या प्रकारात बसली. म्हणजे ज्या समाजवादासाठी माणसं हलवली तो बाजूला राहिला आणि हलवणं तेवढं उरलं.

कोयनेच्या किंवा उजनीच्या धरणग्रस्ताला विचारा. नवं गावठाण, आखलेले रस्ते, शाळेची खोली, नागरी सुविधांची यादी. आणि जमीन? ती कुठेतरी तिकडे.

झाडाखाली

म्त्वारा आणि लिंडी हे आग्नेय कोपऱ्यातले दोन प्रदेश, पलीकडे मोझांबिक. माकोंडे पठारावर पाण्याची ओरड जुनी. बायका दरीत उतरून पाणी आणत. इथली नगदी कमाई काजूची. झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, जसं गोव्यात आणलं, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालाही ते असंच लागलं. पन्नास-साठच्या दशकांत शेतकऱ्यांनी कसावा (ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो) आणि मक्याच्या शेतातच काजी लावल्या. तीन-चार वर्षांत झाड धरायला लागतं, दहाव्या वर्षापर्यंत भरात येतं. १९७३-७४ चा विक्रमी हंगाम त्या झाडांचा होता.

मोहिमा बहुतेक कोरड्या दिवसांत होत, कारण पावसात ट्रक चालत नाहीत. काजूची बेणणीही कोरड्या दिवसांतच, आणि वेचणी ऑक्टोबरपासून. ज्या आठवड्यांत शेतकऱ्याने झाडाखाली असायला हवं होतं, त्याच आठवड्यांत तो नव्या जागी खांब पुरत होता. कित्येकांची झाडं आता तासा-दोन तासांच्या चालीवर गेली. तिथे राखण नाही. बी कोण वेचून नेतंय ते कळत नाही. गवत वाढलं, वणवे शिरले, फांद्यांत फांद्या गुंतल्या. त्यात १९७४ नंतर सरकारने प्रत्येक कुटुंबाने अमुक इतकं अन्नधान्य लावलंच पाहिजे अशी सक्ती केली. दुष्काळ पडला होता, परदेशातून धान्य आणता आणता तिजोरी रिकामी झाली होती, तेव्हा सक्तीमागची घाई समजू शकते. पण हात तेवढेच होते. ते मक्याकडे आणि कसाव्याकडे गेले.

इथे घाईने निकाल देऊ नये. सगळा दोष हलवाहलवीचा असा सरळ हिशोब मांडला तर त्यात भोकं आहेत. मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांविरुद्ध लढाई चालू असल्याने या सीमेवर सुरक्षेसाठी आधीच बरीच गावं वसवलेली होती. गावांत आलेल्या माणसांचा म्त्वाराचा आकडा १९७३ च्या आधीच देशात सर्वांत वरचा होता. तरीही विक्रमी हंगाम त्यानंतरचाच. ही आधीची गावं पुष्कळदा होती त्याच वस्तीवर उजामाची पाटी लावून तयार झाली होती हे खरं, पण सगळीच नाही. दुसरं, भाव. काजूसाठी सरकारी प्राधिकरण हा एकच गिऱ्हाईक उरला होता. तो भाव पाडून देई, पैसे उशिरा देई, आणि हातात पैसे आले तरी दुकानात साबण, कापड, रॉकेल मिळेल याची खात्री नसे. ज्या पैशाचं काही येत नाही त्यासाठी गवतात वाकायचं कोणी? तिसरं, भुरी. मोहोरावर पांढरी बुरशी येऊन फूल करपवणारा हा रोग ऐंशीच्या दशकात तिथे फार पसरला. आपल्या काजीला ढेकण्या छळतो, त्यांना भुरी.

तरी या तीन कारणांना हलवाहलवीपासून सुटं काढता येत नाही. गुंतलेल्या, दाट झालेल्या, कोणी न छाटलेल्या झाडांत बुरशी जास्त माजते. भाव कमी असला तरी घरामागच्या झाडाची बी माणूस येता-जाता वेचतो, पोरं वेचतात. दोन तास चालून जायचं असेल तर भाव बघतो. आणि सर्वांत मोठं नुकसान तर उत्पादनाच्या आकड्यात दिसतच नाही. या काळात नवी झाडं फारशी लागली नाहीत. काजी लावणं म्हणजे दहा वर्षांचा भरवसा. एकदा उठवलेल्या माणसाने पुन्हा उठवणार नाहीत असं कशावरून धरायचं? जमीन त्याच्या नावावर नाही, गावसभेच्या हातात. त्याने कसावा लावला, जो वर्षा-दीड वर्षात पोटात जातो. मला तरी त्यात आळस दिसत नाही, हिशोब दिसतो.

बारा कारखाने

गंमत पुढेच आहे, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर. साठच्या दशकापर्यंत टांझानियाची जवळपास सगळी बी जहाजात भरून भारतात यायची, मुख्यतः केरळात कोल्लमला. फोडायची आपल्या बायकांनी, गर विकायचा अमेरिकेला, आणि टांझानियाच्या हाती कच्च्या मालाचे पैसे. न्येरेरेंच्या सरकारला हे खुपलं, आणि खुपावं असंच होतं. आपला माल आपण फोडू म्हणून जागतिक बँकेचं कर्ज काढून यांत्रिक कारखाने उभारले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बारा कारखाने झाले होते, वर्षाला लाख टनांहून जास्त बी फोडण्याच्या ताकदीचे. तोवर बी आली होती त्याच्या निम्म्याच्याही खाली. कारखाने एकामागून एक बंद पडले, काहींची नुसती गोदामं झाली.

इकडे आफ्रिकेची बी आटल्यावर कोल्लमचे कारखाने रिकामे बसायला लागले, आणि भारतात काजू लागवड वाढवण्यामागे ते एक मोठं कारण ठरलं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या कलमांनी सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कातळ पुढे हिरवे झाले, १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेने तर झपाट्याने. इथे झाड शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर लागलं, त्याच्याच वरकस जमिनीत, अनुदान हप्त्याने आणि तेही झाडं जगली तर. योजना म्हणून किरकोळच. पण झाड कोणाचं हा प्रश्न तिच्यात कधी आला नाही.

कोण सांगणार होतं?

या प्रकरणात मला सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एका साध्या प्रश्नाने. म्त्वाराच्या शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी कळलं असणार की झाडं लांब पडली आणि बी जाणार. हे दार-एस-सलामपर्यंत पोचवायला कोण होतं?

पक्ष एकच होता, १९६५ पासून कायद्यानेच. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत न्येरेरे हो की नाही एवढंच विचारलं जाई आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणत. खटल्याशिवाय डांबायचा कायदा १९६२ पासून होताच. १९७२ मध्ये विकेंद्रीकरणाच्या नावाखाली निवडून आलेल्या स्थानिक संस्था गुंडाळल्या आणि कारभार प्रदेशात पाठवलेल्या अधिकाऱ्यांकडे गेला. १९७६ मध्ये सहकारी संघ बरखास्त झाले. हे संघ काही धुतल्या तांदळाचे नव्हते. तिथेही घोटाळे होते, आपल्याला सहकार काय असतो ते वेगळं सांगायला नको. पण माल मोजून घेणारा सचिव गावातला असे, आणि बी कमी का आली हे त्याला ठाऊक असे. त्याच्या जागी आलेल्या प्राधिकरणाला ती कमी आली एवढंच ठाऊक. लितोवा आधीच गेलेलं होतं. प्रत्येक वेळी कान कापला आणि त्या वेळचं कारण पटण्याजोगं होतं.

एक गोष्ट न्येरेरेंच्या बाजूने ठामपणे मांडायला हवी. दाट गावं झाल्यामुळे शाळा पोचल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्राथमिक शिक्षण जवळजवळ सार्वत्रिक झालं, प्रौढ साक्षरता १९६७ मध्ये जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची होती ती दहा वर्षांत सत्तर टक्क्यांच्या वर सरकारी मोजणीत गेली. सव्वाशे जमातींचा देश स्वाहिलीत बोलू लागला आणि शेजारच्या देशांसारखा जमातींच्या कत्तलीत पेटला नाही. ज्या बाईला गावात आल्यामुळे मुलगी शाळेत घालता आली तिला काजूचा आकडा दाखवून काय उपयोग?

गुरुजींचा जबाब

१९७७ मध्ये, अरुशाला दहा वर्षं झाल्यावर, न्येरेरेंनी स्वतःच एक आढावा लिहिला. टांझानिया समाजवादीही झालेला नाही आणि स्वावलंबीही नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. सत्तेवर असलेल्या किती पुढाऱ्यांनी असं लिहिलं असेल? गावं वसवताना काही ठिकाणी अतिरेक झाला, माणसांना नीट तयारी नसलेल्या जागी सोडलं गेलं, हेही मान्य केलं. मात्र असे प्रकार म्हणजे संपूर्ण मोहीम नव्हे, यावर ते अडून राहिले. १९७८-७९ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्याशी युद्ध झालं, तेलाचे भाव भडकले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी भांडण झालं, आणि उरलंसुरलं गेलं. १९८४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की पुन्हा सुरुवात करायची झाली तर दोन गोष्टी करणार नाही: स्थानिक संस्था बंद करणं आणि सहकारी संघ मोडणं. आपण कान कापले होते हे त्यांना उमगलं होतं. पुढच्याच वर्षी, १९८५ च्या नोव्हेंबरात, ते स्वतःहून पायउतार झाले आणि बुटियामाला शेती करायला गेले. १९९५ चा पहिला गांधी शांतता पुरस्कार भारताने त्यांनाच दिला. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

काजू परत आला. नव्वदच्या दशकात खासगी खरेदी खुली झाली, भुरीवर गंधकाची धूळ मारायचं तंत्र म्त्वाराजवळच्या नालिएंडेले संशोधन केंद्राने शेतकऱ्यांपर्यंत नेलं, लोक जुन्या झाडांकडे पुन्हा चालू लागले. २०१७-१८ च्या हंगामात उत्पादन तीन लाख टनांवर गेलं.

पुढच्याच हंगामात व्यापाऱ्यांनी भाव पाडला आणि शेतकऱ्यांनी लिलावात बी द्यायचं नाकारलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी किलोला ३,३०० शिलिंग या दराने सगळी बी सरकारच घेईल असं जाहीर केलं आणि ती उचलायला लष्कराचे ट्रक दक्षिणेत पाठवले. म्त्वारात लष्कराचे ट्रक पाहिलेली म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. या खेपेला ते बी न्यायला आले होते. आणि पैसे देण्याआधी अधिकाऱ्यांना बागांत जाऊन बघायचं होतं की आणलेली बी त्या शेतकऱ्याच्या झाडांची आहे का, आणि झाडं आहेत तरी किती.